मॉरिशसचा दुसरा मार्ग

व्यापारी पेढ्यांत 'मॉरिशसचा मार्ग' हे शब्द अनेक वर्षे एका निराळ्याच अर्थाने वापरले जात. १९८२ साली भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला आणि पुढे परदेशी भांडवलाचा मोठा ओघ त्या चिमुकल्या बेटावरून वळसा घेऊन आपल्या शेअरबाजारात येऊ लागला. २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली; १ एप्रिल २०१७ पासून खरेदी केलेल्या शेअरांवरील भांडवली नफा भारतात करपात्र ठरला आणि त्या मार्गाचे पूर्वीचे आकर्षण उरले नाही. सनदी लेखापालांच्या दप्तरातील तो मार्ग नकाशावर कोठेच सापडत नसे. नकाशावर सापडतो तो दुसरा. बेटाच्या नैऋत्य किनाऱ्याला बिलगून, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र ठेवून, तामारिनपासून सुयाकपर्यंत वळणे घेत जाणारा पन्नासेक किलोमीटरांचा हा रस्ता. मध्ये कोठेही न थांबता गेल्यास तासा-सव्वातासात संपतो. बहुतेक पर्यटक तो तसाच संपवतात, आणि तेथेच त्यांचा तोटा होतो.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. म्हणजे जवळजवळ आरशातले प्रतिबिंब. ऋतूही तसेच उलटे. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्या लागतात तेव्हा तेथे सुखद थंडीला आरंभ होतो. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस, ते टाळलेले बरे. वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची मोटार घेऊन स्वतः चालवणाऱ्यास बुजल्यासारखे होत नाही. सावध राहावे लागते ते रस्त्याच्या अरुंदपणामुळे. पुष्कळ ठिकाणी पदपथ नाही, कडेला लगेच ऊस किंवा लगेच पाणी, आणि वळणावरून अचानक समोर येणारी प्रवासी बस. तिचे चालक या वळणांना सरावलेले असतात. पाहुण्याने आपला वेग आवरावा आणि त्यांना वाट द्यावी.

सकाळी लवकर निघणे उत्तम. तामारिनच्या खाडीजवळ दगडी बांधांची मिठागरे लागतात, त्यांत आकाश चौकोनाचौकोनांनी उतरलेले दिसते. पुढे ब्लॅक रिव्हर. येथे ला प्रनूझच्या पुळणीवर एक बुटका, जाड भिंतींचा गोल बुरूज उभा आहे. इंग्रजांनी १८३० च्या दशकात बांधलेला हा मार्टेलो बुरूज. समुद्रावर रोखलेल्या तोफा पाहून वाटते की भय बाहेरच्या शत्रूचे असावे. भय घरातलेही होते. बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आले होते, परंतु उसाचे मळे फ्रेंच मालकांच्याच हाती राहिले होते, आणि गुलामगिरी रद्द होणार या वार्तेने ते मळेवाले खवळले होते. त्यांनी बंड केले आणि फ्रान्सची मदत आली तर काय, या चिंतेतून हे बुरूज उठले.

काझ नोयालचे समुद्रकाठचे लहानसे चर्च मागे पडले की डावीकडे शामारेलचा घाट फुटतो. सात रंगांची माती आणि उंच धबधबा पाहण्यासाठी बहुसंख्य मोटारी तिकडे वळतात. माती सुंदर आहे यात वाद नाही. तथापि तिच्यासाठी किनारा सोडू नये, तिच्याकडे दुसऱ्या दिवशी जावे. सरळ गेल्यास ला गोलेत हे कोळ्यांचे गाव, समोर उथळ पाण्यात पसरलेले बेनितिए बेट, आणि मग एका वळणानंतर ल मॉर्न.

५५६ मीटर उंचीचा हा काळा कातळ द्वीपकल्पाच्या टोकाला एकटा उभा आहे. रस्ता त्याच्या पूर्वेकडून येतो, म्हणून सकाळच्या उन्हात त्याची प्रत्येक घळ स्पष्ट दिसते. पायथ्याशी निळे-हिरवे पाणी, त्यापलीकडे प्रवाळाच्या बांधावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. छायाचित्रांत हे सारे येते. या कड्याच्या कपारींत मळ्यांतून पळालेले गुलाम दडून राहत, हे मात्र छायाचित्रात येत नाही. मादागास्कर, मोझांबिक आणि भारतातूनही धरून आणलेली ती माणसे. अशी कथा सांगितली जाते की १८३५ च्या फेब्रुवारीत गुलामगिरी संपल्याची वार्ता देण्यासाठी सरकारी शिपाई डोंगराकडे आले. त्यांना पाहून वरच्यांना वाटले की आपल्याला पकडण्यासाठीच हे आले, आणि पुन्हा बेडी नको म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही लोककथा आहे, तिला दस्तऐवजाचा आधार मागू नये. डोंगराचा आश्रय मात्र खरा, आणि त्यासाठीच युनेस्कोने २००८ मध्ये ल मॉर्नला जागतिक वारसा ठरवले.

दस्तऐवजाचा आधार ज्याला आहे तो हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. मुक्ती देताना ब्रिटिश सरकारने आपल्या साऱ्या वसाहतींसाठी २ कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. त्यांतील २० लाख पौंडांहून अधिक रक्कम मॉरिशसच्या वाट्याला आली. ती मिळाली मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या नावे एक पेनीही जमा झाली नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना १८३९ पर्यंत त्याच मळ्यांत राबवून घेतले गेले. भरपाईसाठी सरकारने दीड कोटी पौंडांचे कर्ज काढले होते, आणि ते कर्ज रोख्यांच्या अदलाबदलीतून चालत राहून अखेर २०१५ मध्ये पूर्णपणे फिटले. खतावणीत नाव कोणाचे लिहिले जाते यावर सारे अवलंबून असते. मुक्त झालेल्यांच्या वंशजांची ट्रू शेनीय ही वस्ती याच डोंगराच्या पायथ्याशी होती. विसाव्या शतकात तीही तेथून हलली. आज त्या पुळणीवर पंचतारांकित हॉटेले आहेत.

या हॉटेलांविषयी एक गोष्ट जमीनजुमल्याचे व्यवहार करणाऱ्यांना रोचक वाटेल. किनाऱ्यालगतची जमीन त्यांच्या मालकीची नाही. फ्रेंच अमलात, १८०७ मध्ये, समुद्रकाठचा २५० फ्रेंच फूट, म्हणजे ८१.२१ मीटर रुंदीचा पट्टा राज्याचा ठरवला गेला. 'पा जिओमेत्रिक' असे त्याचे नाव. तो विकता येत नाही, केवळ भाडेपट्ट्याने देता येतो. आणि पुळण सर्वांना खुली. कल्पना मूळची किनाऱ्याच्या संरक्षणाची, पण तिचा लाभ दोनशे वर्षांनंतरच्या सामान्य माणसाला मिळतो आहे. रविवारी सुरूच्या बनांत सहकुटुंब डबे घेऊन बसलेली मंडळी दिसतात ती याच कायद्याच्या पुण्याईने. अर्थात भाडेपट्टे लांब मुदतीचे असतात आणि त्यांच्या भिंती उंच. ल मॉर्न आणि पुढे बेल ओंब्र येथे काही अंतर समुद्र हाताशी असूनही मोटारीतून दिसत नाही.

ल मॉर्न सोडल्यावर रस्ता खरा रंगात येतो. डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि रस्त्याला त्यांच्या पायाशी, लाटांच्या तुषारांत, जेमतेम जागा उरते. डावीकडे कातळ, उजवीकडे दगडांचा ठेंगणा कठडा, आणि कठड्यापलीकडे गुडघाभर पाण्यात जाळे टाकणारा एखादा माणूस. माकोंदे येथे एक काळा सुळका समुद्रात घुसला आहे. रस्ता त्याला तीव्र वळणाने वळसा घालतो. समोरचे काही दिसत नाही, तेव्हा हॉर्न द्यावा, गती अगदी कमी करावी आणि वळणापलीकडे जागा पाहून मोटार उभी करावी. पायऱ्या चढून वर गेले की आलेला रस्ता आणि जायचा रस्ता दोन्ही एकाच नजरेत येतात. माकोंदे हे नाव कोठून आले याविषयी मतभेद आहेत. मोझांबिकच्या माकोंदे जमातीशी ते जोडणारे पुष्कळ आहेत.

पुढची बे द्यु काप ही खाडी आत खोलवर शिरलेली आहे आणि रस्ता तिच्या काठाकाठाने आत जाऊन पुन्हा बाहेर येतो. येथे मॅथ्यू फ्लिंडर्सचे स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गे प्रदक्षिणा घालून तिचा नकाशा करणारा हा इंग्रज नौदल अधिकारी १८०३ च्या डिसेंबरात मायदेशी परतताना गळके जहाज दुरुस्त करून घ्यावे म्हणून या खाडीत शिरला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू झाले होते. त्याच्याजवळ फ्रेंच सरकारचा परवाना होता, पण तो त्याच्या आधीच्या जहाजाच्या नावाचा. गव्हर्नर दकाँ याने कागद पाहिला, नाव जुळेना, हेर समजून त्याला अडकवून ठेवले. सुटका झाली १८१० मध्ये. एका कागदावरील एका नावाच्या फरकाने साडेसहा वर्षे गेली. बँकेत ज्यांचा धनादेश कधी नावातील अक्षरासाठी परत गेला असेल त्यांनी येथे क्षणभर थांबावे. त्याच बंदिवासात फ्लिंडर्स आपले नकाशे आणि टिपणे सिद्ध करत राहिला, आणि 'ऑस्ट्रेलिया' हे नाव रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

बेल ओंब्रला डोंगर मागे सरतात आणि उसाला जागा मिळते. येथेच २९ जून १९२३ रोजी 'ट्रेव्हेसा' या बुडालेल्या मालवाहू जहाजाची एक होडी पंचवीस दिवस हिंदी महासागर कापून किनाऱ्याला लागली. बिस्किटे, आटवलेले दूध आणि मोजून दिलेले घोटभर पाणी यांवर त्यातील माणसे जगली होती. साधे स्मारक आहे, ते सहज नजरेतून सुटते.

आणि हा ऊस. गुलाम सुटले तेव्हा त्यांच्या जागी राबण्यासाठी हिंदुस्थानातून माणसे आणली गेली. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिले ३६ मजूर 'अ‍ॅटलास' जहाजातून पोर्ट लुईला उतरले. पुढील शतकभरात साडेचार लाखांहून अधिक आले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांत कोकणातली व देशावरची माणसे असत. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. याला तेथे 'डबल कट' म्हणत. बुडालेल्या दिवसावर दुप्पट वजावट, असा हा व्यवहार. आजारी माणूस महिनाअखेर मालकाचाच देणेकरी निघे.

त्यांतील मराठी माणसे मुख्यत्वे याच पश्चिम बाजूला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि व्हाकोआच्या परिसरात स्थिरावली. बंदरावरचा कारकून नाव विचारी, ते आपल्या कानाने लिही, आणि पुढे बापाचे वा आजाचे नाव हेच घराण्याचे आडनाव होऊन बसे. म्हणून तेथे सखाराम, भिवाजी अशी आडनावे फ्रेंच वळणाच्या वर्णलेखनात भेटतात. घरात क्रिओल बोलली जाते, तरी शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे. गणेशोत्सवाची सार्वजनिक सुटी असते, आणि रत्नागिरीकडची जाखडी तेथे 'झाकरी' होऊन नाचली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, जहाज, गाव. वंशज तेथे जाऊन आपले मूळ शोधतात. भरपाईच्या खतावणीत ज्यांना स्थान नव्हते त्यांच्या तुलनेत यांच्या हाती निदान एवढा कागद तरी आला.

रिआंबेलची लांब पुळण ओलांडून सुयाकला पोहोचेपर्यंत ऊन उतरू लागते. ग्री ग्री येथे रस्त्याचा शेवटचा तुकडा कड्यावर येऊन थांबतो. बेटाला वेढणारा प्रवाळाचा बांध नेमका येथे तुटला आहे. इतका वेळ तळ्यासारखा शांत असलेला समुद्र येथे आडव्या कड्यांवर कोसळतो, आणि थोडे चालून गेल्यास ज्या खडकावरून पाणी अखंड ओघळते तो 'रडणारा खडक' लागतो. पोहण्यास मनाई आहे. समोर थेट दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत जमीन नाही.

परतताना भूक लागलेली असते. रस्त्याकडेच्या गाडीवर दालपुरी मिळते: पिवळ्या डाळीचे वाटण भरलेली मऊ, पातळ पुरी, वर पावट्यासारख्या दाण्यांची रसभाजी आणि चटणी. भाजी-चटणीत कांदा-लसूण असतो. तो न खाणाऱ्यांनी नुसती पुरी मागावी, विक्रेता नवल करत नाही. पैसे द्यायचे ते रुपयांतच. मजुरांबरोबर हिंदुस्थानी रुपये इतके आले की १८७६ च्या कायद्याने बेटाचे चलनच रुपया झाले. आजही तेथील नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत मूल्य असते. १९९८ मध्ये एका नव्या मालिकेत हिंदी तमिळच्या आधी छापली गेली, तमिळ समाजाने हरकत घेतली आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. नोट हातात देताना देवनागरी अक्षरे डोळ्यांसमोर येतात आणि गाडीवाला कागदात गुंडाळलेल्या दोन पुऱ्या पुढे करतो. एकच हवी म्हटले तर तो हसतो; दालपुरी तेथे जोडीनेच देतात.