लोणारच्या काठावर

दिवाळीच्या सुटीत नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण पाहून आल्यापासून आमच्या नातवाच्या तोंडी उल्कांखेरीज दुसरा विषय नव्हता. त्याच्या हट्टामुळे लोणारला जाण्याचे ठरले. "ते ज्वालामुखीचेच मुख आहे," असे मी निघण्यापूर्वी ठामपणे सांगून टाकले होते. नातू म्हणाला, "नाही आजोबा, तिथे अशनी पडला होता." मी हसून विषय टाळला.

अमरावतीहून आदल्या दिवशी आम्ही अकोल्यास मुक्कामाला आलो आणि पहाटे पातूरच्या रस्त्याला लागलो. रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांत काळ्या पाषाणाचे थर एकावर एक दिसत होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचा हा बेसाल्ट. त्याचीच झीज होऊन वऱ्हाडातील कपाशीची काळी माती झाली. माझे म्हणणे जणू वाटेतला प्रत्येक दगड खरे ठरवीत होता.

मालेगाववरून शिरपूरला जाऊन श्रीअंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंतांचे दर्शन घेतले आणि रिसोडमार्गे लोणार गाठले. काठावर उभे राहताच सर्वांचे बोलणे थांबले. जवळजवळ दोन किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल, वाटोळे विवर! तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी. काठाजवळच्या धारेवर मात्र गोड्या पाण्याचा अखंड झरा.

तेथे मिळालेली माहिती वाचताना मी ओशाळलो. हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे पूर्वी अनेक जाणकारही मानत. परंतु प्रचंड आघातानेच बनणारी काच येथील खडकात सापडली आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अशनीपाताचे मत पक्के केले. पाषाण ज्वालामुखीचा, विवर मात्र आकाशातून आलेल्या आघाताचे! त्याच्या वयाविषयी तर शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत: एका मापनाने सुमारे ५२ हजार वर्षे, दुसऱ्याने सुमारे ५ लाख ७० हजार.

माझे अर्धे म्हणणे खरे होते. चूक झाली ती 'ज्वालामुखीचेच' मधील त्या 'च'ने. अनेकांतावरील प्रवचने मी वर्षानुवर्षे ऐकली. स्याद्वादावर पाठशाळेत मुलांना चार शब्द सांगितलेही. पण घरात दहा वर्षांच्या मुलाने वेगळे मत मांडताच माझा एकांतवाद जागा झाला. ज्ञानापेक्षा वयाचा अभिमान मोठा ठरला.

परतताना सूर्यास्तापूर्वी रिसोडच्या पुढे एका निंबाखाली शिदोरी सोडली. दशमीचा तुकडा नातवाच्या हाती देत मी म्हणालो, "बाळा, तुझे बरोबर होते. मी नीट ऐकून घ्यायला हवे होते."

तो सहज म्हणाला, "पण आजोबा, दगड ज्वालामुखीचाच आहे ना! ते तुमचे बरोबर होते."

पाठशाळेत मी जे शिकवीत आलो, ते त्या दिवशी त्याने मला शिकविले.