पंखावरचे वर्तुळ

आमच्या खोलीत काचेचे एक कपाट आहे, हे शाळेत येणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. वरच्या कप्प्यांत खेळांच्या ढाली आणि वक्तृत्वाचे करंडक. सगळ्यांत खालच्या कप्प्यात वीतभर लांबीचे, करड्या रंगाचे एक लढाऊ विमान उभे आहे. पाहुणे ढालींवरून नजर फिरवतात आणि विमानापाशी वाकून थांबतात. मग कोणीतरी हमखास विचारतो, "सर, डाव्या पंखावरचे वर्तुळ जरा वाकडे नाही का झाले?" प्रत्येकाला निराळे उत्तर देण्यापेक्षा आपल्या वार्तापत्रात एकदाच लिहून टाकावे, म्हणून हा प्रपंच.

ते विमान म्हणजे मिराज-2000. ग्वाल्हेरकरांना त्याची ओळख करून द्यायला नको. जून 1985 मध्ये फ्रान्सहून पहिली मिराज विमाने महाराजपुऱ्याच्या तळावर उतरली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. गच्चीवर चढायचे, कानांत बोटे घालायची आणि मान दुखेपर्यंत वर बघत राहायचे, हा त्या सुट्टीतला आमच्या गल्लीचा मुख्य उद्योग होता. 1999 साली कारगिलच्या लढाईत या विमानांनी टायगर हिलवर बॉम्ब टाकले, तेव्हा बाड्यावरच्या पानाच्या ठेल्यावर लोक असे बोलत होते, जणू घरचाच मुलगा बोर्डात पहिला आला आहे.

वय वाढले तरी ते वेड गेले नाही. ते विमानांच्या प्रतिकृतींत उतरले. डब्यात विमान नसते. प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले सुटे भाग असतात, पंख, चाके, वैमानिकाची खुर्ची, आणि ते आपण जोडायचे, घासायचे, रंगवायचे. आमची पदवी हिंदी माध्यमाची. पहिला डबा उघडला तेव्हा परदेशी सूचनापत्र आपल्याला कसे वाचता येणार, याचा धसका होता. पण त्यात वाक्ये जवळजवळ नव्हतीच. चित्रे, बाण आणि आकडे. भाषेवाचून इतके नीट शिकवणारा शिक्षक आम्ही दुसरा पाहिला नाही.

या छंदाला थोडा इतिहासही आहे. 1936 साली इंग्लंडमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने प्लास्टिकचे भाग जोडून करायची विमाने विक्रीस आली, ती 1:72 या प्रमाणात. म्हणजे खऱ्या विमानाचे 6 फूट तिथे 1 इंच होतात. पुढे हेच प्रमाण रूढ झाले. नंतर एअरफिक्स कंपनीने आपले पहिले विमान, स्पिटफायर, याच मापात आणले. खरे मिराज 14.36 मीटर लांब असते. त्याला 72 ने भागले की किती येतात, ते सातवीच्या मुलांनी करून पाहावे आणि मग पट्टी घेऊन आमच्या कपाटापाशी यावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट 1942 सालची आहे. महायुद्ध चालू होते आणि अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळांकडे पाच लाख लहान विमाने मागितली. पन्नास प्रकार, प्रत्येकी दहा हजार. सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे आकारावरून ओळखता यावे, म्हणून. 1:72 ची प्रतिकृती 35 फुटांवर धरली की सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते, असा तो हिशेब. मुलांनी आराखड्याबरहुकूम लाकूड तासले, त्यावर काळा रंग दिला. मापात बसले तेवढेच पसंत. तिथे चूक परवडणारी नव्हती. आकार चुकला तर गोळी आपल्याच माणसावर जायची.

ही गोष्ट आम्ही मुलांना वारंवार सांगत असू. आता वाटते, ती सांगता सांगता आम्हीच तिच्या आहारी गेलो आणि आपल्या शाळेतली विमानेही नौदलाच्या तपासणीला जायची असल्यासारखी पाहू लागलो.

2018 साली आम्ही छंदवर्ग सुरू केला. शनिवारी अर्धी शाळा सुटली की प्रयोगशाळेत पाच मुले आणि पाच डबे. नववीतल्या एका मुलाच्या वाट्याला मिराज आले. मुलगा अबोल, वर्गात मागच्या बाकावर बसणारा. हात मात्र स्थिर.

पहिला धडा धीराचा. भाग चौकटीतून मोडायचा नाही, कापायचा. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचा, म्हणजे साच्यातला तेलकटपणा जातो आणि रंग धरतो. या कामाचा गोंद दोन्ही कडा थोड्या विरघळवून त्यांना एकजीव करतो. एक थेंब जास्त पडला तर बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायमचा उमटतो. वैमानिकाच्या डोक्यावरची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली तर वाफेने आतून धुरकटते. हे ज्ञान आम्ही स्वतःच्या दोन विमानांच्या काचा घालवून मिळवले आहे. मिराजचा भार मागे असतो, नाकात वजन घातले नाही तर ते शेपटीवर बसते. आमच्या विद्यार्थ्याने त्यासाठी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुने छर्रे मागून आणले आणि किती लागतात ते एकेक टाकून पाहिले.

मग येते सांध्याची रेघ. धडाचे दोन अर्धे भाग जोडले की पाठीवर एक रेघ राहते. तिथे पुट्टी भरायची आणि वाळली की वॉटर पेपर ओला करून घासायचे, आधी 400 नंबरचा, मग 800, मग 1200. मुलांना वाटते, एवढे कशाला, रंगाखाली जाईल झाकून. पण करड्या प्रायमरचा पहिला हात बसला की डोळ्यांना न दिसणारी रेघ ठसठशीत वर येते. "रंग झाकत नाही, चुगली करतो," हे आम्ही फळ्यावर लिहूनच ठेवले होते. या मुलाने ती पाठ चार वेळा घासली. चौथ्या वेळी आम्ही नखाने चाचपून पाहिले, रेघ सापडली नाही.

अडचण आली ती चिन्हांची. पाण्यात भिजवून सरकवायचे जे छाप डब्यात होते, ते फ्रान्सच्या वायुसेनेचे. मध्ये निळा, मग पांढरा, बाहेर लाल. आपल्या वायुसेनेचे वर्तुळ बाहेरून केशरी, मग पांढरे, मध्यभागी हिरवे. भारतीय छापांचा कागद वेगळा मागवला होता, पण तो येईना. तेव्हा मुलाने विचारले, "सर, हाताने रंगवू का?"

आम्ही म्हटले, "बघ, जमते का."

वर्तुळ केवढे, तर हाताच्या करंगळीच्या नखाएवढे. त्यात तीन रंग. आधी कंपासने हलकेच आखायचे, मग सर्वांत बारीक कुंचला. रंग बाहेर गेला की ओल्या कापडाने पुसायचे आणि पुन्हा. तीन शनिवार तो त्या दोन पंखांवर वाकलेला होता. उजवे वर्तुळ छान उतरले. डावे किंचित लांबट झाले, अंड्यासारखे.

वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी छापांचा कागद आला. शाळा रिकामी झाली होती. आम्ही विमान टेबलावर घेतले, ते लांबट वर्तुळ पाहिले, आणि मनात आले, बिचाऱ्याची एवढी मेहनत एका वर्तुळाने उणी पडायला नको. वॉटर पेपरने दोन्ही वर्तुळे घासून काढली. पंखांना पुन्हा रंग दिला. वाळल्यावर छाप सरकवून बसवले, वरून वार्निशाचा हात दिला. घरी जायला रात्र झाली. हे सारे आपण मुलासाठी करीत आहोत, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

विमानाला पहिले बक्षीस मिळाले. पाहुण्यांनी पाठ थोपटली. मुलाने प्रमाणपत्र घेतले, नमस्कार केला आणि खाली उतरला. विमानापाशी तो फारसा थांबला नाही. आम्हाला वाटले, लाजाळू आहे.

दोन महिने गेले. 26 फेब्रुवारी 2019 रोजी बालाकोटची कारवाई झाली आणि त्यातली मिराज आपल्या ग्वाल्हेरहून उडाल्याचे साऱ्या शहरात झाले. त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या खोलीपुढे मुलांची रांग लागे. आम्ही त्या विद्यार्थ्याला मुद्दाम बोलावले आणि म्हटले, "लहान मुलांना सांग, कसे केलेस ते." तो छान बोलला. छर्रे सांगितले, पुट्टी सांगितली, चार वेळा घासलेली पाठ सांगितली. मग पाचवीतल्या एका मुलीने पंखाकडे बोट दाखवून विचारले, "दादा, हे गोल कसे रे काढलेस?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "ते मी नाही काढले. ते सरांनी लावले."

आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. खरे होते तेवढे त्याने सांगितले. पण खुर्चीत बसलेल्या आम्हाला मान वर करवेना.

शाळा सुटल्यावर त्याला बोलावून विचारले, "तेव्हाच का बोलला नाहीस?"

"माझा गोल वाकडा होता ना सर, म्हणून."

इतकी वर्षे शिकवून आम्ही त्याला हे शिकवले होते! सांध्याची रेघ शोधणाऱ्या आमच्या नखाला ही भेग सापडली नव्हती. आम्ही त्याची माफी मागितली. प्राचार्यांनी माफी मागितल्यावर काय म्हणायचे असते, हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो आपला "नाही सर, नाही सर" म्हणत राहिला.

पुढच्या शनिवारी कपाट उघडून विमान त्याच्या हाती दिले. वार्निश असल्यामुळे छाप नुसते निघेनात, त्याने ते स्वतःच घासून काढले. पुन्हा कंपास, पुन्हा बारीक कुंचला. आम्ही समोरच्या स्टुलावर दोन्ही हात खिशात घालून बसलो. खरे सांगतो, विमानाचे कोणतेही काम आम्हाला इतके अवघड गेले नाही. उजवे वर्तुळ पुन्हा चांगले उतरले. डावे पुन्हा जरा लांबट.

त्याने ते उजेडात धरून पाहिले. "सर, राहू दे?"

"राहू दे."

तेच विमान कपाटात आहे. तो मुलगा शाळा सोडून गेला, मोठा झाला. कधी भेटायला आला की कपाटापुढे वाकतो आणि म्हणतो, "सर, द्या, आता एकदम गोल काढून देतो." आम्ही किल्ली देत नाही.

यंदाचे प्रदर्शनही जवळ आले आहे. पालकांना एवढीच विनंती. मुलांना साहित्य आणून द्या, धार असलेली वस्तू हाताळताना जवळ बसा, विचारतील ते सांगा. पण आदल्या रात्री, मुले झोपल्यावर, टेबलावरचे ते वाकडे काहीतरी सरळ करायला हात शिवशिवू लागले, तर ते खिशात घालावेत. अवघड आहे, पण जमते.