टाचणात न आलेला शब्द

कायद्याचा अभ्यास ज्यांनी केला आहे, त्यांना टाचणांचे माहात्म्य सांगावयास नको. करार, अपकृत्ये, फौजदारी कायदा, पुरावा, मालमत्तेचे हस्तांतरण आणि संविधान या मुख्य विषयांची टाचणे ज्याच्या पिशवीत आहेत त्याला परीक्षेचे भय नाही, अशी आमच्या विद्यार्थिदशेत दृढ समजूत होती. १९८०च्या सुमारास बेळगावात आम्ही चौघे मित्र सकाळी कायद्याच्या वर्गाला जात असू आणि दिवसभर पोटापाण्याचे उद्योग करीत असू. जाडजूड ग्रंथ विकत घेण्यास पैसे नव्हते आणि वाचण्यास वेळ नव्हता. तेव्हा विषय वाटून घ्यावेत, प्रत्येकाने आपल्या विषयाचे टाचण करावे आणि कार्बन कागद घालून त्याच्या चार प्रती काढाव्यात, असे ठरले. चौथी प्रत नेहमीच पुसट येई. ती लिहिणाऱ्याने स्वतःकडे ठेवावी असा आमचा अलिखित करार होता. कारण ज्याने लिहिले त्याला ती फारशी वाचावी लागत नसे. या साध्या सोयीत केवढा अर्थ दडलेला आहे, हे मात्र तेव्हा कळले नाही.

आमच्या वाट्याला करार आला. १८७२च्या अधिनियमातील कलमे ओळीने उतरून काढली की झाले टाचण, असे आम्हांला प्रथम वाटले. चार पाने लिहून झाल्यावर ध्यानात आले, की कलमांचा क्रम निराळा आणि प्रश्नांचा क्रम निराळा. प्रस्ताव होता काय? तो स्वीकारला गेला काय? प्रतिफल आहे काय? उभयपक्ष करारास पात्र आहेत काय? संमती मोकळी आहे काय? हेतू कायदेशीर आहे काय? अशा पायऱ्या लावल्यावर विषय आपल्या पायांवर उभा राहू लागला. मग एकेका पायरीवर एकेक निवाडा ठेवला. हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी धन्याने हरिद्वारला धाडलेल्या मुनिमाचा १९१३चा खटला आमच्या टाचणात पाच शब्दांत मावला : ‘बक्षिसाची माहिती नाही, करार नाही.’ मुलगा त्यानेच शोधून आणला. पण शोधताना बक्षीस जाहीर झाल्याचे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून न्यायालयाने ते त्याला नाकारले. आम्ही मूळ हकीकत वाचली असल्यामुळे ते पाच शब्द पाहताच तो मुनीम डोळ्यांपुढे येई. आमच्या मित्रांच्या डोळ्यांपुढे काय येत असेल, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही.

पुराव्याचे टाचण आमच्यातील सर्वांत हुशार मित्राने केले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही, हे पंचविसावे कलम. पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेला, दंडाधिकारी समक्ष नसल्यास, ग्राह्य नाही, हे सव्विसावे. आणि सत्ताविसाव्यापुढे त्याने आपल्या सुबक अक्षरात लिहिले होते : ‘वस्तू सापडली, की माहिती ग्राह्य.’ आम्ही ते पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि उत्तीर्ण झालो.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका खुनाच्या खटल्यात आम्ही आरोपीच्या वकिलांचे मदतनीस होतो. ज्येष्ठ वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले होते आणि आम्हांला नुसते बसून राहण्यास सांगून गेले होते. तपास अधिकारी कन्नडमध्ये साक्ष देत होते. आरोपीच्या सांगण्यावरून घराच्या आढ्यातून सुरी काढल्याचा पंचनामा निघाला आणि आरोपीचे विधान ते वाचू लागले : सुरी कोठे लपविली ते आणि त्याच ओघात, तिने आपण कोणाला मारले तेही. न्यायाधीशांनी आमच्याकडे पाहून विचारले, “काही हरकत?” सुरी सापडली होती, टाचण आमच्या जिभेवर होते. आम्ही उभे राहून म्हणालो, “हरकत नाही.”

न्यायाधीशांनी क्षणभर चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि विधानाचा उत्तरार्ध स्वतःच वगळला. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यातील निवाडा वाचा, एवढेच ते म्हणाले. बाहेर व्हरांड्यात आरोपीची आई उभी होती. आत काय घडले ते तिला कळले नव्हते. “वकीलसाहेब, तुम्ही होता म्हणून धीर आहे,” असे म्हणून तिने हात जोडले. त्या हातांकडे आम्हांला पाहवले नाही.

त्या रात्री १९४७च्या निवाडेग्रंथात प्रिव्ही कौन्सिलचा तो निवाडा वाचला आणि मग मूळ कलम वाचले. खरे सांगावयाचे तर पूर्णपणे असे प्रथमच वाचले. सगळी माहिती नव्हे, शोध लागलेल्या गोष्टीशी जिचा स्पष्ट संबंध आहे तेवढीच माहिती ग्राह्य. सुरी कोठे आहे हे आरोपीस ठाऊक होते, एवढाच तो शोध. तिने काय केले, हे सुरी सापडल्याने सिद्ध होत नाही. ‘तेवढीच’ हा एक शब्द; त्याच्या अलीकडे पुरावा आणि पलीकडे माणसाची मान.

मित्राला आम्ही हे सांगितले तेव्हा तो चकित होऊन म्हणाला, “अरे, ते तर कलमातच लिहिले आहे!” त्याचे खरेच होते. त्याच्या डोक्यात तो शब्द होता म्हणून त्याने तो गाळला. आमच्या डोक्यात नव्हता म्हणून गाळलेला आम्हांला दिसला नाही. टाचण म्हणजे वाचलेल्याची आठवण. ज्याने वाचलेच नाही, त्याला दुसऱ्याची आठवण काय उपयोगी पडणार?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्यानंतर कायदा शिकणारी आमची चुलत नात एक विकतचे टाचण घेऊन आली. “आजोबा, तुमचे सत्ताविसावे कलम आता तेविसाव्याचे परंतुक झाले,” ती म्हणाली. आम्ही विचारले, “या टाचणात काय गाळले आहे?” तिला सांगता येईना. आम्ही तिच्या हाती मूळ अधिनियम आणि कोरी वही दिली.

पंधरा दिवसांनी तिने स्वतःचे टाचण दाखविले. ते विकतच्यापेक्षा ओबडधोबड होते. खाडाखोडही पुष्कळ होती. तेविसाव्या कलमापाशी समासात मराठीत लिहिले होते : ‘तेवढीच! का, ते मूळ वाचून पाहणे.’

“मैत्रीण प्रत मागते आहे. देऊ का?” तिने विचारले.

“दे,” आम्ही म्हणालो, “पण सोबत मूळ अधिनियमही दे.”