जर्मनची वाट मराठीतून

सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही मोबाईलवर जर्मन शिकवायला बसलो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. ती संधी आपल्या पोरांपर्यंत पोहोचावी, हा हेतू. वस्तीत रेंज नाही, म्हणून धडे मुरबाडहून डाउनलोड करून आणले. पण समजावणी सगळी इंग्रजीत! दहावीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, म्हणजे आधी इंग्रजी यायला पाहिजे का?"

आम्ही निरुत्तर झालो. मग मोबाईलवर उच्चार ऐकवले आणि फळ्यावर लिहिलं: डेर मान, तो माणूस; डी फ्राउ, ती बाई; दास किंट, ते मूल. प्रत्येक शब्दाचं लिंग पाठ करावं लागतंच. पण तो-ती-ते मराठी पोरांना नवं नाही. इंग्रजीतून शिकवताना हीच शिदोरी वाया जाते.

शाळेत ज्यांना संस्कृत नाकारलं गेलं, त्या बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी जर्मनमध्ये पत्र लिहिलं. मित्रांनो, भाषेच्या दारात जात उभी होती. आता तिथे इंग्रजीला उभं राहू देऊ नका. उच्चार मोबाईलचा घ्या, समजावणी मराठीत रेकॉर्ड करा आणि वस्तीवस्तीत पोहोचवा.

जयभीम!