टॉरचं पॅकेज ठेवायचं कुठं?

लिनक्सच्या 'डेबियन'ची नवी स्थिर आवृत्ती साधारण २ वर्षांनी येते. आमच्या शाळेतल्या उर्दू-मराठी टायपिंगला तेवढं भरपूर झालं. पण इंटरनेटवरची पाळत चुकवणारं 'टॉर' सतत बदलतं. त्याचं जुनं पॅकेज म्हणजे मोडक्या कडीचं दार. म्हणून टॉरवाले स्वतःचं पॅकेज-भांडार चालवतात आणि उबंटूच्या 'युनिव्हर्स'मधलं घेऊ नका म्हणतात. पटतं. मात्र डिसेंबर २०२१मध्ये रशियानं टॉरचं संकेतस्थळच अडवलं. जिथं गरज जास्त, तिथंच हे भांडारही अडू शकतं. डेबियनच्या प्रती तर जगभरच्या सर्व्हरांवर असतात. शिवाय नव्या भांडाराची डिजिटल किल्ली खरी की बनावट, हे साध्या माणसानं कसं ओळखायचं? मला विचाराल तर पॅकेज दोन्हीकडे हवं, आणि डेबियनमधलं ताजं ठेवण्याची अमानत टॉरवाल्यांनीच सांभाळावी.