हिरवा खडा

साप घेऊन कुणी दवाखान्यात आलं की माझा पहिला प्रश्न असतो, “शी आणलीय का?” नवखे ओशाळतात. मुरलेले लोक न बोलता पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवतात. देशी साप पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याची बंदी, त्यामुळे येतात ते बहुतेक बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक.

डबीत दोन गोष्टी असतात. काळपट तपकिरी विष्ठा, तिच्यात उंदराचे केस. आणि शेजारी खडूसारखा पांढरा खडा. हा खडा म्हणजे सापाची लघवी. पाणी वाचवायचं म्हणून साप युरिक अॅसिड असं घट्टच बाहेर टाकतो. पाळणारे विष्ठा निरखतात, मी आधी खडा बघते. वरून विष्ठेचा डाग लागलेला असू शकतो, म्हणून चिमट्यानं फोडून आतला रंग पाहायचा.

मागच्या उन्हाळ्यात आलेला एक खडा नारिंगी होता, दाबला तर वाळूसारखा करकरला. साप दिवसरात्र एसीच्या खोलीत, पाण्याचं भांडं वाटीएवढं. कातही तुकड्यातुकड्यांनी निघालेली. अंगातलं पाणी आटलं होतं. असंच चाललं असतं तर युरिक अॅसिड मूत्रपिंडात, सांध्यांत साठत गेलं असतं. अंग बुडेल एवढं भांडं आणि ओलं शेवाळ घातलेला डबा दिला, तेवढ्यावर काही आठवड्यांत खडा पांढरा, मऊ झाला.

हिरव्याची मात्र मला धास्ती वाटते. आपली कावीळ पिवळी, सापाची हिरवी. आपल्या शरीरात पित्तातल्या हिरव्या रंगद्रव्याचं पुढं पिवळं होतं. सापात ते बहुतांशी हिरवंच राहतं. यकृत बिघडलं किंवा रक्तपेशी फुटायला लागल्या की ते खड्यात उतरतं. पण नुसत्या उपासानंही हिरवट रंग येतो, आणि बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहतो.

तिथंच मी चुकले. चार महिने न खाल्लेली एक मादी आली होती, खडा हिरवा. “खायला लागली की जाईल,” असं सांगून मी तिला घरी पाठवलं. ती खायला लागली, दोन उंदीर पचवले, तरी खडा हिरवाच. रक्त तपासलं तोवर यकृत हातचं गेलेलं. तिला पाळणाऱ्या बाई माझ्यावर रागावल्या नाहीत, टेबलाशी उभं राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तेव्हापासून उपाशी सापाचं रक्त मी पहिल्याच भेटीत घेते, आणि खाल्ल्यानंतरची पहिली शी मागवतेच.

लाल रक्त किंवा शेंबडासारखी आव दिसली तर डबीचीही वाट पाहू नका, तसेच निघा. घरात कासव असेल तर तेही सांगा. त्याला काही न करणारा अमीबा सापाचं आतडं सोलून काढतो.

आणि सापाच्या पेटीच्या तळाला कोरा पांढरा कागद घाला. वर्तमानपत्राच्या रंगीत पानाची शाई ओल्या खड्याला लागते.