म्हैसूरचा चिमुकल्यांचा मेळा

म्हैसूरचें नांव निघालें कीं आपल्याकडील प्रवाशांच्या डोळ्यांपुढें दसऱ्याची मिरवणूक, राजवाड्यावरील दिव्यांची रोषणाई आणि कृष्णराजसागराखालील वृंदावन एवढींच चित्रें उभीं राहतात. चामुंडीच्या टेकडीवर जावें, वाटेंतील प्रचंड नंदीस हात जोडावे, चंदनाचा साबण व म्हैसूरपाक पिशवींत भरावा आणि परतावें, असा बहुतेकांचा क्रम. ह्यांत गैर कांहींच नाहीं. आम्हींही मागें एकदां हेंच केलें होतें. परंतु ह्या खेपेस आम्ही गेलों तें दसऱ्यास नव्हे, तर ऐन उन्हाळ्यांत, एप्रिलअखेर. आमचे यजमान म्हणजे तीन पिढ्या म्हैसुरांत स्थायिक झालेले आमचे एक मराठी आप्त. त्यांनीं पहिल्याच सकाळीं आम्हांस राजवाड्याकडे न नेतां हुणसूर रस्त्यावरील 'रंगायण' नांवाच्या नाट्यसंस्थेकडे नेलें. त्यांची नऊ वर्षांची नात सुटींत तेथें रोज जात असे, आणि तिला पोंचविण्याची पाळी त्या दिवशीं आजोबांची होती.

रंगायण ही कर्नाटक सरकारची संस्था १९८९ सालीं स्थापन झाली, आणि बी. व्ही. कारंत (१९२९–२००२) हे तिचे पहिले संचालक. हे गृहस्थ लहानपणीं घरांतून पळून जाऊन गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनींत शिरले होते. पुढें वीरण्णांनींच त्यांस शिकावयास काशीस पाठविलें, आणि कालांतरानें ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक झाले. घर सोडून नाटकांत शिरलेल्या मुलाविषयीं आपल्या माजघरांतून काय बोललें जात असे, तें वाचकांस ठाऊक आहेच. अशा मनुष्यानें वाढविलेल्या अंगणांत आपल्या मुलाचें नांव घालण्यासाठीं आज आईबाप रांगा लावतात, हें ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली.

उन्हाळ्याच्या सुटींत येथें सुमारें महिनाभर मुलांचा जो मेळा भरतो त्यास 'चिण्णर मेळ' असें म्हणतात. चिण्ण म्हणजे चिमुकलें मूल. मुलें सकाळीं येतात आणि दिवसाचें काम संपलें कीं आपापल्या घरीं जातात. वसतिगृहाची भानगड नाहीं. आंत शिरतांच झाडांची दाट सावली लागते. त्या झाडांमध्यें 'वनरंग' हें उघडें नाट्यगृह आहे, आणि त्याच्या पायऱ्यांवर, झाडांच्या बुंध्यांपाशीं, जेथें जागा सांपडेल तेथें मुलांचे घोळके बसलेले. कोठें कागदाच्या लगद्याचे मुखवटे उन्हांत वाळत ठेवलेले, कोठें गाण्याची तालीम, तर कोठें 'कोलाट' चाललेला. कोलाट म्हणजे आपल्या टिपऱ्याच.

एका बाजूस दहाबारा मुलें 'कंसाळें' शिकत होतीं. मलेमहादेश्वराच्या भक्तांचा हा नाच. हातांत काशाची झांज, तिला गोंडा बांधलेला, आणि ती वाजवितां वाजवितां उड्या, गिरक्या, बैठका. शहरांतल्या इंग्रजी शाळेंत जाणारा मुलगा आपल्याच जिल्ह्यांतील धनगर-शेतकऱ्यांचा हा ताल घामाघूम होऊन शिकतो, हें आम्हांस त्या मेळ्यांतील सर्वांत मोलाचें वाटलें. मराठी माणसानें तर ह्याकडे कृतज्ञतेनें पाहावें. १८४२ सालीं कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनीं पाहिला नसता, तर १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आलें असतें किंवा नाहीं, कोण जाणे!

मातीकामाच्या घोळक्यापाशीं आम्ही बराच वेळ उभे राहिलों. एक सातआठ वर्षांचा मुलगा हत्ती करीत होता. सोंड लावावी, कीं ती आपल्याच भारानें गळून पडावी. असें तीनदां झालें. शिकविणारे गृहस्थ शेजारींच बसून स्वतःचें मडकें घडवीत होते. त्यांनीं पाहिलें, पण हात पुढें केला नाहीं. आमच्या ओठांवर सूचना आली होती, ती आम्हीं कष्टानें गिळली. अखेर त्या मुलानें सोंड खालीं वांकवून तिचें टोंक जमिनीस टेकविलें, हत्तीपुढें मातीचें एक तळें केलें, आणि हत्ती पाणी पीत आहे असें जाहीर केलें. सोंड पुन्हां पडली नाहीं. आपल्या घरांत आपण त्यास हें शोधूं दिलें असतें काय? दुसऱ्यांदां सोंड पडतांच कोणीतरी काका, नाहींतर कोणीतरी आत्या धांवून आली असती, हत्ती सुबक झाला असता, आणि मुलगा उठून गेला असता.

संध्याकाळीं यजमानांच्या घरीं मात्र निराळाच सूर लागला. शेवटीं मुलांच्या नाटकांचे प्रयोग होतात, आणि त्यांतील एका नाटकांत आपल्या नातीस झाडाचें काम मिळालें आहे, हें आजींस त्याच दिवशीं कळलें होतें. "महिनाभर पोरीला नेतां-आणतां, आणि पोर झाली काय, तर झाड!" असें त्या यजमानांस म्हणाल्या. "शेजारची राणी झाली आहे." यजमानांनीं वर्तमानपत्रांतून डोकें काढलें नाहीं. उत्तर दिलें तें नातीनेंच. "आजी, झाड एकटं नसतं, आम्ही सात जणी मिळून एक झाड आहोंत. सगळ्यांचा श्वास एकदम चालावा लागतो, नाहींतर फांद्या हलतात. आणि पक्षी आमच्यावर बसतो, त्याला पाडायचं नाहीं." आजी कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांचें समाधान झालें असें आम्हांस दिसलें नाहीं.

आजींस आम्ही दोष देत नाहीं. मुलाचें कौतुक चारचौघांत व्हावें ही इच्छा कोणत्या घरांत नाहीं? परंतु ह्या मेळ्यांस खरें भय आहे तें त्या इच्छेचेंच. शाळेंत गुण मोजणारे आपणच सुटींत टाळ्या मोजूं लागलों, तर मुलास सुटी मिळाली कोठें? कारंतांनीं मुलांसाठीं बसविलेल्या नाटकांत 'पंजरशाळे' नांवाचें एक आहे, तें रवींद्रनाथांच्या पोपटाच्या गोष्टीवर आधारलेलें. पोपटास शिक्षण देण्यासाठीं राजा सोन्याचा पिंजरा करवितो, पोथ्यांचे ढीग रचवितो; पिंजऱ्याची वाहवा होते, आणि पोपट तेवढा मरतो. कलेचा पिंजरा गाण्याचा आणि रंगांचा असतो, म्हणून तो पिंजरा नव्हे असें नाहीं. आपल्याकडेही पुण्यामुंबईंत सुटी लागतांच असल्या शिबिरांच्या जाहिराती झळकतात. पंधरा दिवसांत चित्रकला, नाट्य आणि व्यक्तिमत्त्वविकास! त्यांतील कोणतें चांगलें, हें ओळखण्यास शेवटच्या दिवसाचा समारंभ पाहूं नये. मधल्या एखाद्या मंगळवारीं न सांगतां जावें.

आणखी एक गोष्ट मनास लागली. मेळ्यांत जागा मोजक्या, आणि घेऊं इच्छिणारे पुष्कळ. ज्या घरांत मुलास सकाळीं पोंचविण्यास कोणी मोकळें आहे, त्याच घरचें मूल येथें टिकतें. एकत्र कुटुंबाचा हा एक लाभ आम्हीं तेथें प्रत्यक्ष पाहिला. फाटकाशीं उभ्या असलेल्यांत आजे-आज्या पुष्कळ होत्या. ज्यांच्या घरीं सगळेच कामावर जातात, त्यांच्या मुलांनीं कंसाळें कोठें शिकावें? मौज अशी, कीं कंसाळें ज्यांचें, त्यांचींच मुलें बहुधा ह्यांत अधिक असतील.

म्हैसुराहून आम्ही रेल्वेनें पुत्तूरास उतरलों. वाटेंत सकलेशपूरच्या पुढील घाटांत ५७ बोगदे आहेत. ते मोजण्याचा आमचा संकल्प झोंपेनें मोडला. पुत्तूरास जाण्याचें कारण म्हणजे 'बालवन'. तेथें शिवराम कारंतांनीं (१९०२–१९९७) कित्येक वर्षें राहून मुलांचें शिक्षण, नृत्य व नाट्य ह्यांचे प्रयोग केले. पुढें १९७७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारा हा कादंबरीकार १९३६ सालीं मुलांसाठीं 'बालप्रपंच' नांवाचा तीन खंडांचा ज्ञानकोश लिहून मोकळा झाला होता. डोंगरउतारावरील त्या झाडींत आम्ही दुपारपर्यंत हिंडलों. फणसांचा घमघमाट सुटला होता.

घरीं परतल्यावर कांहीं दिवसांनीं म्हैसुराहून आजींचा फोन आला. प्रयोग वनरंगांत झाला, आणि मध्येंच वळवाचा पाऊस कोसळला म्हणे. "राजा पळाला, राणी पळाली," आजी सांगत होत्या, "पण आमचं झाड पक्षी खालीं उतरेपर्यंत जागचं हललं नाहीं हो!"